चहात कालवायची पावडर आणि दारू

'नवऱ्याला न सांगता चहात ही पावडर द्या, २१ दिवसांत दारू सुटते.' हा मेसेज मराठवाड्यात वर्षानुवर्षं फिरतोय. घर मेटाकुटीला आलेलं असतं, त्यामुळे विश्वास बसणं साहजिक आहे.

आधी पुडी उलटीपालटी करून बघा. घटक, बॅच नंबर, परवाना क्रमांक छापलाय का? नसेल तर आत काय आहे हे सांगता येत नाही. कधी त्यात डायसल्फिराम असू शकतं. ते दारू सोडवायचं खरं औषध आहे, पण वर दारू गेली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी पडतं. म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं देतात. चोरून तर मुळीच नाही.

शिवाय रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, तर हात थरथरतात, झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमातही जाऊ शकतो. हे घरी निभत नाही.

त्यासाठी पुणं गाठायचं कारण नाही. अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढा, किती पितो, शेवटची कधी घेतली, गांजा-गोळ्या आहेत का, हे न लपवता सांगा. जायच्या आधी विचारायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.