गुलामांचा व्यापार थांबणं वेगळं, गुलामगिरी संपणं वेगळं

‘ब्रिटनने १८०७ साली गुलामगिरी बंद केली’ हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलंय की दुरुस्त करायचाही कंटाळा येतो. १८०७ साली बंद झाला तो व्यापार, म्हणजे आफ्रिकेतून माणसं जहाजांत कोंबून अटलांटिकपलीकडे नेऊन विकणं. ब्रिटिश वसाहत असलेल्या जमैकातल्या उसाच्या मळ्यावर जो आधीच गुलाम होता, तो दुसऱ्या दिवशीही गुलामच राहिला. गुलाम बाईच्या पोटी जन्मलेलं मूलही जन्मापासूनच मालकाच्या मालकीचं. गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३चा. तो लागू झाला १ ऑगस्ट १८३४ला.

अमेरिकेच्या यादवी युद्धाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते: लिंकन, १८६३चा जाहीरनामा, १८६५ची तेरावी घटनादुरुस्ती. ती इथे पुन्हा सांगत नाही. पण त्याच अमेरिकेने गुलामांच्या आयातीवर १ जानेवारी १८०८पासूनच बंदी घातली होती, हे बहुतेकांच्या लक्षात नसतं. गुलामगिरी संपण्याची कारणं सांगताना होणारा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

आयातबंदीने मालकाच्या ताब्यातलं काहीच जात नव्हतं. उलट व्हर्जिनियातल्या मळेवाल्यांचा तिच्यात फायदा होता. तंबाखूने जमिनी थकलेल्या, गुलाम गरजेपेक्षा जास्त, आणि बाहेरून नवा माल येणार नाही म्हटल्यावर हाताशी असलेल्यांचा भाव वाढणार. (‘माल’ हा शब्द लिहिताना किळस येते, पण हिशेब तसाच चालायचा.) पुढच्या काही दशकांत सुमारे दहा लाख माणसं व्हर्जिनिया-मेरीलँडसारख्या राज्यांतून मिसिसिपी, अलाबामा, लुइझियानाच्या कापूसपट्ट्यात नेली गेली. बरीचशी विकली गेली, आणि न्यू ऑर्लिन्स हा त्यांचा मोठा बाजार होता. १८१० साली देशात सुमारे १२ लाख गुलाम होते, १८६० साली जवळपास ४० लाख. नळ बंद केला तरी टाकी आतून भरतच होती.

म्हणून व्यापार का थांबला आणि गुलामगिरी का संपली, या दोन्ही प्रश्नांना ‘नैतिक जागृती झाली’ हे एकच उत्तर चिकटवणं मला अजिबात मान्य नाही. व्यापारबंदीच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. ब्रिटनमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी, चळवळीतल्या थॉमस क्लार्कसनने जमवलेले पुरावे, लोकांच्या सह्यांचे अर्ज आणि पार्लमेंटात खासदार विल्बरफोर्सची चिकाटी, यांनी ते काम केलं. धंदा तोट्यात गेला म्हणून सोडला, असंही म्हणता येत नाही. शेवटपर्यंत ब्रिटिश जहाजं दरवर्षी हजारो माणसं नेत होती. चळवळीतल्या अनेकांचा अंदाज होता की नवे गुलाम मिळेनात म्हटल्यावर मालक आहेत त्यांना बरं वागवतील आणि प्रथा हळूहळू आपोआप विरेल. ती विरली नाही.

गुलामगिरी संपवायची तर मालकाच्या हातची मालमत्ता काढून घ्यावी लागते, आणि ती कुणी सुखासुखी देत नाही. इथे कारणं बदलतात, आणि माझ्या मते पहिलं नाव खुद्द गुलामांचं घ्यायला हवं. १८३१च्या नाताळात जमैकात सॅम्युएल शार्प या गुलामाच्या पुढाकाराने उठाव झाला, हजारो गुलामांनी काम नाकारलं, मळे पेटले. तीनशेवर लोकांना देहदंड झाला. शार्पला मे १८३२मध्ये फाशी दिलं. पुढच्याच वर्षी कायदा आला. त्यातही दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांच्या वाट्याला आली ‘अ‍ॅप्रेंटिसशिप’, म्हणजे १८३८पर्यंत त्याच मालकाकडे बहुतांश बिनपगारी काम. कंपनी सरकारचा हिंदुस्थान तर या कायद्यातून वगळलेलाच होता. इथला कायदा १८४३चा.

हैतीत, म्हणजे फ्रान्सच्या कॅरिबियनमधल्या वसाहतीत, क्रमच उलटा. तिथे १७९१चा उठाव आधी, १७९४ साली फ्रान्सने गुलामांच्या मुक्तीला दिलेली मान्यता नंतर. नेपोलियनने १८०२ साली गुलामगिरी परत आणायचा घाट घातला, तेव्हा लोकांनी त्याच्या फौजेला हरवून १८०४ साली देशच स्वतंत्र केला.

‘यंत्रं आली म्हणून गुलामगिरी गेली’ या दाव्यावर फार शाई घालवत नाही. सरकी वेगळी करणारं जिनिंगचं यंत्र १७९३चं, आणि कापसातली गुलामगिरी फोफावली ती त्यानंतर.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं, तेव्हा क्युबा आणि ब्राझीलमध्ये गुलामगिरी चालूच होती. ब्राझीलमध्ये तर दोन्ही गोष्टींमधलं अंतर स्वच्छ दिसतं. आयातबंदीचा १८३१चा कायदा इंग्रजांना दाखवण्यापुरता. त्यानंतरही लाखो माणसं चोरून उतरवली गेली. ब्रिटिश आरमार थेट ब्राझीलच्या बंदरांत घुसू लागलं तेव्हा १८५०ला खरी बंदी आली. गुलामगिरी मात्र आणखी ३८ वर्षं टिकली. १८८७च्या सुमारास साओ पाउलोच्या कॉफीच्या मळ्यांवरून गुलाम घोळक्याने निघून जाऊ लागले आणि पळालेल्यांना पकडायचं काम लष्कराला नकोसं झालं. १३ मे १८८८ला राजकन्या इझाबेलने गुलामगिरी संपवणाऱ्या कायद्यावर सही केली, ती मळे रिकामे व्हायला लागल्यावर. मालकांना भरपाई मिळाली नाही, ते बिथरले, आणि १८८९मध्ये राजेशाही कोसळली तेव्हा तिच्या मदतीला त्यांच्यातले फारसे कुणी धावले नाहीत.