कोअर अनेक, स्मृती एक

जूनमध्ये कपाशीची धूळपेरणी करावी की पावसाची वाट पाहावी, हा विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्यापुढचा दरवर्षीचा प्रश्न असतो, आणि अंदाज चुकला तर दुबार पेरणीचा खर्च त्याच्याच माथी बसतो. त्याच्या उपयोगी पडेल असे भाकीत करण्यासाठी वातावरणाचे तुकडे कल्पून प्रत्येकातले तापमान, दाब, वारा आणि आर्द्रता थोड्या थोड्या मिनिटांनी पुन्हा काढावी लागते. तुकड्याची बाजू १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणली, की तुकडे चौपट होतात आणि काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात, म्हणून आकडेमोड सुमारे आठपट वाढते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले २०१८ चा ‘प्रत्युष’ आणि २०२४ चा ‘अर्का’ हे महासंगणक याच कामासाठी उभारले गेले. त्यांची ताकद एका अतिवेगवान प्रोसेसरमधून येत नाही. हजारो कोअर, म्हणजे प्रोसेसरमधली स्वतंत्रपणे गणित करणारी केंद्रे, एकाच वेळी राबतात, तेव्हा ती उभी राहते.

एकाच प्रोसेसरचा वेग वाढवत नेण्याचा मार्ग २००५ च्या सुमारास खुंटला. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपवरचा वीज चालू-बंद करणारा सूक्ष्म भाग, लहान केला की त्याला लागणारा विद्युतदाबही कमी होतो आणि चिप अधिक तापत नाही, असा नियम रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडला होता. पुढे ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले, की त्यांतून झिरपणाऱ्या विजेमुळे विद्युतदाब आणखी उतरवता येईना, वेग वाढवला की चिप तापू लागली, आणि तिच्यावर एकाऐवजी अनेक कोअर बसवणे भाग पडले.

मात्र कोअर दुप्पट केले म्हणजे वेग दुप्पट होतो, असे नाही. कापसाच्या वेचणीला कितीही बाया लावल्या, तरी संध्याकाळी मोजणीचा काटा एकच असेल, तर तिथे रांग लागणारच. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये हीच मर्यादा दाखवून दिली. कामाचा १० टक्के भाग वाटून देता येत नसेल, तर १० प्रोसेसर लावून वेग जेमतेम ५.३ पट होतो, १०० लावून ९.२ पट, आणि हजारो लावले तरी तो १० पटींच्या पुढे जात नाही.

माझ्या मते, याहून अवघड प्रश्न स्मृतीचा, म्हणजे संगणकाच्या मेमरीचा आहे. मुख्य स्मृतीतून एक आकडा आणेपर्यंत कोअर शेकडो क्रिया करू शकतो. म्हणून प्रत्येक कोअरजवळ कॅश नावाची छोटी, जलद स्मृती असते आणि लागणाऱ्या माहितीची प्रत तिच्यात ठेवली जाते. एकाच आकड्याच्या प्रती दोन कोअरकडे असताना एकाने तो बदलला, तर दुसऱ्याकडची प्रत जुनी ठरते आणि पुढचे गणित चुकते. जेम्स गुडमन यांनी १९८३ मध्ये सुचवलेल्या उपायात सगळ्या कॅश एकाच सामाईक मार्गावर लक्ष ठेवतात, आणि एखाद्या कोअरने बदल केल्याचे दिसताच बाकीच्या आपापल्या प्रती रद्द करतात. कोअर वाढले की तो मार्गच तुंबतो. तेव्हा कोणती प्रत कोणाकडे आहे याची नोंदवही ठेवून फक्त संबंधित कोअरना निरोप धाडण्याची पद्धत कामी येते. तिची कल्पना सेन्सियर आणि फोट्रिए यांनी १९७८ मध्येच मांडली होती. यातही एक फसवी अडचण उरते. कॅश माहिती साधारणपणे ६४ बाइटच्या गठ्ठ्यांनी हाताळते, त्यामुळे दोन कोअर बदलत असलेले, एकमेकांशी संबंध नसलेले दोन आकडे एकाच गठ्ठ्यात आले, तर तो गठ्ठा दोन कोअरमध्ये सतत ये-जा करत राहतो. उत्तर बरोबर येते, पण वेग कोसळतो, आणि कारण प्रोग्राम वाचून सहसा कळत नाही.

सामाईक स्मृतीच नको, असा दुसरा मार्ग पुण्याच्या सी-डॅकने (प्रगत संगणन विकास केंद्राने) १९९१ मध्ये ‘परम ८०००’ मध्ये घेतला. त्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, ही आपल्याकडच्या शाळकरी मुलांना आवर्जून सांगावी अशी गोष्ट आहे. त्या यंत्रातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटरला, म्हणजे इतरांशी थेट जोडता येणाऱ्या प्रोसेसरला, स्वतःची स्मृती होती आणि ते एकमेकांना संदेश पाठवत.

हवामानाच्या गणितातही असेच घडते: प्रत्येक प्रोसेसर आपल्या वाट्याच्या प्रदेशाच्या कडेचे आकडे शेजाऱ्याला देतो आणि त्याचे घेतो. वाट्याला १०० बाय १०० चौकोन असतील, तर १०,००० पैकी ३९६ कडेला असतात. प्रोसेसर शंभरपट करून वाटा १० बाय १० चा केला, तर १०० पैकी ३६ कडेला येतात. म्हणजे देवाणघेवाणीचा वाटा ४ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर जातो, आणि सर्वांत मागे राहिलेल्या प्रोसेसरचे आकडे येईपर्यंत त्याच्या शेजाऱ्यांना पुढचा टप्पा सुरू करता येत नाही.