आहार आणि स्वमग्न मुलांचे वर्तन : सोलापूरच्या संदर्भात

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या खाण्यापिण्याचा त्यांच्या वागण्यावर, झोपेवर आणि लक्ष लागण्यावर काय परिणाम होतो, हा या नोंदीचा विषय. त्याची दुसरी बाजूही इथे येते : स्वमग्नतेमुळे मुलाच्या खाण्याचेच काय होते. पालकांचा पहिला प्रश्न बहुधा ‘काय बंद करू?’ असा असतो, पण भक्कम पुरावे आहेत ते दुसऱ्या बाजूचे. मुलाने गहू खाल्ला म्हणून ते बिथरले, हे सिद्ध करणे अवघड आहे. ते फक्त चारच पदार्थ खाते, त्यामुळे त्याचे पोट साफ होत नाही आणि पोट साफ न झाल्यामुळे ते बिथरते, ही साखळी मात्र बालरोगतज्ज्ञांच्या रोजच्या पाहण्यातली आहे.

निवडक खाणे. लिओ कॅनर यांनी 1943 साली स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन 11 मुलांवरून केले. त्यांतल्या बऱ्याच मुलांना तान्हेपणीच खाण्याच्या तक्रारी होत्या, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. 2013 साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार स्वमग्न मुलांत खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या तुलनेत सुमारे पाचपट आढळतात, आणि त्यांच्या आहारात कॅल्शियम व प्रथिने कमी पडतात. हा हट्ट नसतो, लाडही नसतात. पदार्थाचा पोत, वास, रंग, तापमान, चावतानाचा आवाज, यांतले काहीतरी अशा मुलाला आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रतेने जाणवते.

आपले ताट या दृष्टीने फार अवघड आहे, हे मान्य करायला हवे. वरण भातात जाते, रस्सा भाकरीत जिरतो, दही सगळ्यालाच लागते. एका घासात तीन पोत येतात आणि दुसऱ्या घासात ते वेगळ्याच प्रमाणात येतात. मऊ भाकरीचे तर रोजचे रूप निराळे : आज जाड, उद्या कडेला करपलेली, परवा पीठ जुने म्हणून विरी गेलेली. याउलट बिस्किटाच्या पुड्यातले प्रत्येक बिस्कीट कालच्यासारखेच असते. स्वमग्न मूल बिस्किटावर अडून बसते त्यात गोडीचा भाग असतो, पण या खात्रीचाही असतो. पुड्याचे वेष्टन बदलले की आतले तेच बिस्कीट नाकारणारी मुले असतात.

इथे सोलापूरची कडक भाकरी उपयोगी पडते. ज्वारीची पातळ भाकरी पार वाळून पापडासारखी होईपर्यंत कडक करतात. ती आठवडेच्या आठवडे टिकते, मोडताना कडकन आवाज देते आणि आज काय, उद्या काय, सारखीच लागते. कुरकुरीत तेवढेच खाणाऱ्या मुलाला ती चालण्याची शक्यता मऊ भाकरीपेक्षा बरीच जास्त. तिच्यावर तेल लावून शेंगाची चटणी भुरभुरली तर प्रथिने आणि स्निग्धांशही पोटात जातात. चटणी तिखट असते. पण तिखटाचा, लसणाचा झणका काही स्वमग्न मुलांना चक्क आवडतो, आणि सपक जेवण नाकारणारे मूल चटणी मागते. घरचे थक्क होतात, पण जिभेला ठसठशीत संवेदना हवी असणारी मुले असतात, हे व्यवसायोपचारात (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या कामांचा सराव करून घेणारी उपचारपद्धती) जुनेच निरीक्षण आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर अर्थातच हा मार्ग बंद.

पाणी आणि पोट. ज्याला दुखणे सांगता येत नाही त्याचे दुखणे वागण्यातून बाहेर पडते. डोके आपटणे, स्वतःला चावणे, रात्री उठून रडणे, ओटीपोट टेबलाच्या कडेवर दाबून उभे राहणे, या सगळ्यांमागे बद्धकोष्ठ, आम्लपित्त किंवा दातदुखी असू शकते. 2010 साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका गटाने हे स्पष्ट मांडले : स्वमग्न मुलाचे वागणे अचानक बिघडले तर ते ‘ऑटिझममुळेच’ असे म्हणून सोडून देऊ नये, आधी पोट तपासावे. बद्धकोष्ठ असूनही कपड्यांना पातळ शी लागू शकते. अडलेल्या खड्यामागून ती झिरपते, आणि घरात त्याला जुलाब समजून आणखी बांधून ठेवणारे खाणे सुरू होते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर जातो. अशा वेळी पाणी कमी पिणारे मूल लवकर अडते. तहान लागल्याची आतली जाणीवच काही स्वमग्न मुलांत मंद असते, म्हणून मागेल तेव्हा पाणी देऊ हे धोरण त्यांच्या बाबतीत फसते. शिवाय पाण्यालाही चव असते. शहरात उजनीचे, टाकळीचे, हिप्परग्याचे आणि बोअरचे असे वेगवेगळे पाणी येते, नळ रोज येत नाही म्हणून पाणी साठवावे लागते आणि अधूनमधून जार आणला जातो. मोठ्यांना न कळणारा हा फरक अशा एखाद्या मुलाच्या जिभेला कळतो आणि ते पेला ढकलून देते. एकच भांडे आणि शक्यतो एकाच ठिकाणचे पाणी ठेवल्याने पिणे वाढते का, हे बिनखर्चात करून पाहता येते.

गहू-दूध बंद आहार. पालकांमध्ये ‘जीएफसीएफ डाएट’ या नावाने ओळखला जाणारा हा आहार म्हणजे गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन पूर्ण वर्ज्य करणे. याच्या मुळाशी मेंदूशास्त्रज्ञ याक पँकसेप यांची 1979 मधील कल्पना आहे. त्यांना स्वमग्नतेची काही लक्षणे अफूसदृश रसायनांच्या परिणामांसारखी वाटली. पुढे नॉर्वेतील काल्ले राइखेल्ट आदींनी तिला आहाराची जोड दिली : गहू-दूध नीट न पचल्याने तशी पेप्टाइडे (प्रथिनांचे छोटे तुकडे) तयार होतात आणि आतड्यातून झिरपून मेंदूपर्यंत जातात. कल्पना सुबक आहे, पण कसोटीला उतरलेली नाही. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे 14 लहान मुलांना काटेकोर गहू-दूधविरहित आहारावर ठेवून मधूनमधून खाऊतून लपवून ग्लुटेन, केसीन, दोन्ही किंवा दोन्हीही नाही असे देण्यात आले. कोणत्या दिवशी काय दिले ते पालकांना आणि निरीक्षकांना ठाऊक नव्हते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वागणे, झोप आणि शौच यांत फरक दिसला नाही. अभ्यास लहान होता, हे खरे. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने तर 2013 सालीच स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असा आहार वापरू नये असे सांगितले होते.

सोलापुरात या आहाराचा अर्धा भाग आपसूकच पाळला जातो, आणि हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. ज्वारीत ग्लुटेन नसते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या घरांत दोन वेळची भाकरीच होती. तेलुगूभाषक विणकर कुटुंबांत भात मुख्य. तांदळातही ग्लुटेन नाही. गहू येतो तो चपाती, खारी, टोस्ट, बिस्किटे आणि लिंगायत घरांतल्या हुग्गीतून. त्यामुळे ‘ग्लुटेन-फ्री’ असे छापलेले महागडे पाकीट घेण्यासाठी या जिल्ह्यातल्या माणसाने पैसे मोडावेत, हे थोडे हास्यास्पदच आहे. गहू न पचण्याचा खरा आजार, सीलिॲक, असेल तर गोष्ट वेगळी. मग एकाच चक्कीत दळलेल्या गव्हाचा अंशही चालत नाही. त्याची रक्ततपासणी गहू खाणे सुरू असतानाच करावी लागते. आधी बंद करून मग तपासले तर निदान हुकते.

दुधाचे गणित जास्त नाजूक आहे. चारच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दूध तोडले तर त्याबरोबर दहीभात आणि ताकही जाते, आणि तेवढेच काय ते त्याच्या पोटात जात असते. 2008 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात स्वमग्न मुलग्यांच्या हाडांचे कवच अपेक्षेपेक्षा पातळ आढळले, आणि दूध वर्ज्य असलेल्यांत ही तूट अधिक होती. दूध पिऊन पोट फुगत असेल, वात धरत असेल तर कारण बहुधा लॅक्टोज (दुधातली साखर) न पचणे हे असते. भारतात ते सर्रास आढळते आणि स्वमग्नतेशी त्याचा संबंध नाही. अशा मुलाला दही-ताक बहुतेक वेळा चालते. दूध सोडायचेच ठरले तर नाचणी आणि तीळ हे कॅल्शियमचे चांगले स्रोत ताटात आणावे लागतात. सांडणीच्या दुधाचीही मधूनमधून लाट येते. त्याचे अभ्यास अगदी तुटपुंजे आहेत.

रंग, साखर आणि गड्डा. खाद्यरंगांबद्दलचा संशय पूर्णपणे निराधार नाही. ब्रिटनमधील साउथॅम्प्टन येथे तीन वर्षांच्या 153 आणि आठ-नऊ वर्षांच्या 144 मुलांना कृत्रिम रंग व सोडियम बेंझोएट हे टिकाऊपणासाठीचे रसायन मिसळलेले पेय देण्यात आले, आणि काही मुलांची चंचलता थोडी वाढल्याचे 2007 मध्ये नोंदले गेले. ही सर्वसाधारण मुले होती, स्वमग्न नव्हे. तरीही 2010 पासून युरोपात सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणे सक्तीचे झाले. त्यांतले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पाँसो 4आर हे भारतात मर्यादित प्रमाणात चालतात, आणि रंगीत नळ्या, गोळ्याचे सरबत, हातगाडीवरची केशरी जिलेबी यांत कोणता रंग किती पडतो, ते मोजायला तिथे कोणी बसलेले नसते. हे वगळण्यात तोटा काहीच नाही.

साखरेचे मात्र तसे नाही. साखर खाऊन मुले उधळतात, हे बहुतेक आयांना ठाम माहीत असते. 1995 साली एकत्रित तपासलेल्या प्रयोगांत ते खरे ठरले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी एक मार्मिक प्रयोग झाला. ‘माझ्या मुलाला साखर बाधते’ म्हणणाऱ्या आयांच्या मुलांना साखरविरहित गोड पेय दिले, आणि निम्म्या आयांना सांगितले की त्यात भरपूर साखर आहे. त्या आयांना आपली मुले जास्त चंचल दिसली.

जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्यावर, हाच पेच प्रत्यक्ष उभा राहतो. कर्णे, पाळणे, दिव्यांची झगमग, चेंगरणारी गर्दी, तळणाचा वास, आणि हातात लालभडक गोळा. तासाभराने मूल जमिनीवर लोळून किंचाळू लागते. घरी आल्यावर खापर फुटते ते गोळ्यावर, कारण तोच तेवढा आपल्या हाताने दिलेला असतो. खरे तर त्या मुलाच्या कानांनी गेला तासभर जे सोसले, त्याचा हिशेब आधी मांडायला हवा. (गर्दी नसताना, सकाळी, तोच गोळा देऊन पाहिले तर उत्तर बरेच स्पष्ट मिळते.)

चहा. याबद्दल लोक फारच कमी विचारतात, आणि माझ्या मते विचारायला हवे ते यालाच. ‘कपभर तर पितो’ म्हणून संध्याकाळी चहा-चपाती किंवा चहा-खारी देण्याची पद्धत कित्येक घरांत आहे. चहातले कॅफीन झोप लांबवते, आणि स्वमग्न मुलांत झोपेच्या तक्रारी मुळातच जास्त. चहातले टॅनिन अन्नातील लोह पुरेसे शोषू देत नाही. लोह कमी पडले की झोपेत पाय झाडणे, तळमळणे वाढते. 2007 मधील एका कॅनेडियन अभ्यासात लोह दिल्यावर स्वमग्न मुलांची अस्वस्थ झोप सुधारली. अपुरी झोप झालेले मूल दुसऱ्या दिवशी कसे वागते, ते सांगायला अभ्यासाची गरज नाही. माती, खडू, भिंतीचा पोपडा खाणाऱ्या मुलाचे लोह आणि रंगातल्या शिशासाठी रक्तही तपासून घ्यावे.

औषधांकडेही बघावे लागते. चिडचिड व आक्रमकता कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनने भूक आणि वजन वाढते, तर चंचलतेवरच्या मिथिलफेनिडेटने भूक मरते. मूल डबे उघडत फिरते किंवा ताटाकडे बघतही नाही, यामागे अन्न नसून गोळी असू शकते.

पदार्थ पारखणे आणि वाढवणे. एखाद्या पदार्थाचा संशय असेल तर एका वेळी एकच बदल, दोन ते चार आठवडे, आणि रोजची वही : काय खाल्ले, शी झाली का, किती वाजता झोपले, कुठे आणि कशानंतर बिनसले. बदल काय केला ते शाळेतल्या बाईंना न सांगता त्यांचे निरीक्षण मागवावे. घरच्यांच्या आशेचा रंग त्यात उतरत नाही. नवा पदार्थ आणताना जुन्याच्या शेजारचा निवडतात. बिस्किटावरून खारीवर, खारीवरून कडक भाकरीच्या नखाएवढ्या तुकड्यावर, मग तुकड्याला तेलाचे बोट, मग चटणीची चिमूट, मग कमी वाळवलेली भाकरी. आधी ताटाजवळ ठेवणे, मग हात लावणे, मग वास घेणे, मग जिभेला टेकवणे, असा क्रम असतो. एकेका पायरीला कधी पंधरा दिवस लागतात, कधी दोन महिने, आणि ताप येऊन गेला की काही मुले पुन्हा बिस्किटापाशी जाऊन बसतात.