हवामानबदल धोरण व राजकीय नियुक्त्या (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्राध्यक्षाने नेमलेल्या व्यक्तींमार्फत हवामानबदलविषयक धोरण ठरण्याची वा फिरवले जाण्याची पद्धत आणि त्या नेमणुकांवरून काँग्रेसमध्ये, न्यायालयांत व वृत्तपत्रांत झडणारा वाद. हरितगृह वायूंच्या उत्सर्जनावर देशव्यापी मर्यादा घालणारा स्वतंत्र कायदा अमेरिकेत झालेला नाही. तसे विधेयक जून २००९ मध्ये प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाले; सिनेटमध्ये ते मतदानापर्यंतही पोहोचले नाही. त्यामुळे १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याचा अर्थ कसा लावायचा, कोणता अहवाल कोणत्या शब्दांत प्रसिद्ध करायचा, सल्लागार समितीवर कोणाला घ्यायचे, हे प्रश्न नेमलेल्या माणसांच्या हाती राहतात आणि धोरणाचा वाद बहुधा माणसांच्या वादाचे रूप घेतो.

नियुक्तीची चौकट : राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदातील दुसऱ्या कलमानुसार वरिष्ठ पदांवरील नेमणुका राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने करतो. १८८३ च्या पेंडलटन कायद्याने खालच्या पदांवरील पक्षीय भरतीला आळा घातला. वरचा थर मात्र राजकीयच राहिला. आज अशी सुमारे ४,००० पदे असून त्यांतील साधारण १,२०० ते १,३०० पदांना सिनेटची संमती लागते. अध्यक्षीय निवडणुकीनंतर या पदांची यादी ‘प्लम बुक’ या लोकप्रिय नावाने प्रसिद्ध होते. नोव्हेंबर २०१३ मधील सिनेटच्या कार्यपद्धतीतील बदलानंतर अशा नेमणुकांवरील चर्चा साध्या बहुमताने संपवता येते. पद रिकामे असल्यास १९९८ च्या कायद्याप्रमाणे सामान्यतः २१० दिवस प्रभारी अधिकारी काम पाहू शकतो.

हवामान धोरणाच्या दृष्टीने पर्यावरण संरक्षण संस्थेचा (ईपीए) प्रशासक, ऊर्जा व अंतर्गत व्यवहार खात्यांचे मंत्री, राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासनाचा (नोआ) प्रमुख आणि पर्यावरण गुणवत्ता परिषदेचा अध्यक्ष ही संमती लागणारी प्रमुख पदे होत. व्हाइट हाउसचा मुख्य प्रशासकीय अधिकारी, हवामान सल्लागार आणि निरनिराळ्या कार्यालयांतील उपप्रमुख यांच्यापैकी बहुतेकांना संमती लागत नाही. सुनावण्या पहिल्या गटाच्या होतात. प्रत्यक्षात निर्णायक ठरलेल्या अनेक घडामोडी दुसऱ्या गटाच्या हातून घडल्या आहेत.

उगमाविषयी मतभेद : हा वाद नेमका केव्हा सुरू झाला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. सर्वसाधारण लेखनात २३ जून १९८८ ही तारीख दिली जाते. त्या दिवशी नासाच्या गोडार्ड संस्थेचे संचालक जेम्स हॅन्सन यांनी सिनेटच्या ऊर्जा समितीपुढे, तापमानवाढ सुरू झाल्याची ९९ टक्के खात्री असल्याचे सांगितले. ही तारीख सार्वजनिक चर्चेला लागू पडते. नेमणुकांच्या अंगाने पाहिल्यास सुरुवात १९८०–८३ च्या सुमारास न्यावी लागते.

जिमी कार्टर यांच्या कारकीर्दीच्या अखेरीस, जानेवारी १९८१ मध्ये, गस स्पेथ अध्यक्ष असलेल्या पर्यावरण गुणवत्ता परिषदेने एक अहवाल प्रसिद्ध केला. वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण औद्योगिकीकरणापूर्वीच्या पातळीच्या दीडपटीवर जाऊ नये, असे उद्दिष्ट त्यात सुचवले होते. त्याच महिन्यात रॉनल्ड रेगन सत्तेवर आले आणि परिषदेचा कर्मचारीवर्ग जवळपास मोडीत निघाला. ईपीएच्या प्रमुखपदी आलेल्या अ‍ॅन गॉर्सच यांनी संस्थेचा खर्च व मनुष्यबळ मोठ्या प्रमाणावर घटवले. विषारी कचऱ्याच्या निधीसंबंधीची कागदपत्रे देण्यास नकार दिल्यावरून डिसेंबर १९८२ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवले. मार्च १९८३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. संस्थेचे पहिले प्रशासक विल्यम रकल्सहाउस यांना पुन्हा बोलावून घ्यावे लागले. या प्रकरणाचा हवामानाशी थेट संबंध नव्हता, तरी संस्थेचा प्रमुख संस्थेच्याच कामाविरुद्ध नेमला जाऊ शकतो, हा नमुना येथे प्रथम स्पष्ट दिसतो.

खरा वाद ऑक्टोबर १९८३ मधील दोन अहवालांचा आहे. ते काही दिवसांच्या अंतराने आले. पहिला ईपीएचा, त्याने लक्षणीय तापमानवाढ अटळ मानली आणि कठोर उपायांनीही ती फारशी लांबणार नाही, असे म्हटले. दुसरा राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीचा; स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक विल्यम निरेनबर्ग तिचे अध्यक्ष होते. या अहवालातील भौतिकशास्त्रीय प्रकरणे पहिल्याशी मोठ्या प्रमाणात जुळतात. सारांशाचा सूर मात्र काळजी घ्यावी, घाबरू नये, असा आहे. रेगन यांचे विज्ञान सल्लागार जॉर्ज कीवर्थ यांनी ईपीएचा अहवाल अकारण भीती पसरवणारा ठरवून अकादमीच्या अहवालाचा आधार घेतला.

नेओमी ओरेस्कस, एरिक कॉनवे व मॅथ्यू शिंडेल यांनी २००८ मध्ये असे प्रतिपादन केले, की निरेनबर्ग यांनी प्रशासनाला सोयीचा सारांश रचला आणि अर्थशास्त्रज्ञांच्या चौकटीत बसवून प्रश्नाची धार बोथट केली. निरेनबर्ग रेगन यांच्या सत्तांतर चमूशी संबंधित होते, याकडेही या लेखकांनी लक्ष वेधले. २०१० मध्ये निरेनबर्ग यांचे पुत्र निकोलस आणि त्यांच्या सहलेखकांनी हे प्रतिपादन खोडून काढण्याचा प्रयत्न केला. सारांशाला समितीतील सदस्यांची संमती होती आणि तो त्या काळच्या शास्त्रीय मताशी सुसंगत होता, असे त्यांचे म्हणणे. अभ्यासाचा आदेश देणारा १९८० चा ऊर्जा सुरक्षा कायदा कार्टर काळातला आहे आणि रॉजर रेव्हेल यांच्यासारखे, या प्रश्नाकडे सर्वांत आधी लक्ष वेधणारे शास्त्रज्ञ समितीत होते. हे पाहता समिती मुळातच सोयीसाठी नेमली होती, असे म्हणणे कठीण दिसते. सारांश आणि आतील प्रकरणे यांतील अंतर मात्र ओरेस्कस व सहलेखकांनी दाखवले तसे आहे आणि विरोधी बाजूने त्याचा पुरता उलगडा केलेला नाही. कोणताही पक्ष घेतला, तरी अहवालाचा सारांश कोणाच्या हाती आहे हा प्रश्न तेव्हापासून मागे लागलेला आहे.

१९८९ नंतर : मे १९८९ मध्ये हॅन्सन यांच्या आणखी एका लेखी साक्षीत अर्थसंकल्प व व्यवस्थापन कार्यालयाने फेरफार केले. त्यांच्या निष्कर्षांवर शंका घेणारा मजकूर त्यांच्याच तोंडी घालण्यात आला होता. हॅन्सन यांनी ही गोष्ट सिनेटर अल गोर यांना आधीच कळवल्याने सुनावणीत तिचा गाजावाजा झाला. थोरल्या बुश यांच्या काळात ईपीएचे प्रशासक विल्यम राइली पर्यावरण संघटनांतून आलेले होते आणि उत्सर्जनावर मर्यादा घालण्यास अनुकूल होते. परंतु व्हाइट हाउसचे मुख्य प्रशासकीय अधिकारी जॉन सुनूनू स्वतः अभियंते असून हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांविषयी साशंक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेदरलंड्समधील नॉर्डवाइक परिषदेत अमेरिकेने बंधनकारक उद्दिष्टाला नकार दिला. बाजी सुनूनू यांची होती आणि त्यांच्या पदाला सिनेटची संमती लागत नव्हती.

हेच चित्र २००१ मध्ये पुन्हा दिसले. धाकट्या बुश यांच्या ईपीए प्रशासक क्रिस्टिन टॉड व्हिटमन यांनी मार्चच्या सुरुवातीला ट्रिएस्ट येथे जी-८ देशांच्या पर्यावरणमंत्र्यांना हवामानप्रश्नी अमेरिका गंभीर असल्याचे आश्वासन दिले. १३ मार्च रोजी बुश यांनी सिनेटरांना पत्र लिहून वीजकेंद्रांच्या कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा घालण्याचे निवडणुकीतील वचन मागे घेतले. व्हिटमन २००३ मध्ये पायउतार झाल्या.

या काळातील सर्वांत चर्चित प्रकरण फिलिप कूनी यांचे. ते वकील होते, शास्त्रज्ञ नव्हते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटमधून येऊन ते पर्यावरण गुणवत्ता परिषदेच्या कार्यालयाचे प्रमुख झाले. शासकीय हवामान अहवालांच्या मसुद्यांवर त्यांच्या हस्ताक्षरातील दुरुस्त्या जून २००५ मध्ये वृत्तपत्रांतून उघड झाल्या. ऑक्टोबर २००२ च्या एका मसुद्यात परिसंस्थांतील बदलांचा संबंध हवामानबदलाशी जोडणे ‘कठीण’ आहे असे म्हटले होते; कूनी यांनी त्याआधी ‘अत्यंत’ हा शब्द घातला. अन्यत्र ‘अनिश्चितता’ या शब्दाआधी ‘लक्षणीय व मूलभूत’ अशी विशेषणे आली. हिमनद्या व बर्फसाठा घटल्याने पाणीपुरवठ्यावर होणाऱ्या परिणामांचा परिच्छेद काट मारून वगळला आणि समासात तो तर्कवितर्काकडे झुकत असल्याचा शेरा दिला. दुरुस्त्या आकाराने किरकोळ होत्या. बहुधा म्हणूनच त्या इतकी वर्षे खपून गेल्या. कूनी यांनी राजीनामा दिला आणि लवकरच ते एक्सॉनमोबिलमध्ये रुजू झाले.

नेमणुकीचे राजकारण देशाबाहेरही पोहोचले. फेब्रुवारी २००१ मध्ये एक्सॉनमोबिलकडून व्हाइट हाउसला गेलेल्या टिपणात आंतरशासकीय हवामानबदल मंडळाचे (आयपीसीसी) अध्यक्ष रॉबर्ट वॉटसन यांना बदलता येईल का, अशी विचारणा होती. एप्रिल २००२ च्या निवडणुकीत अमेरिकेने भारताचे राजेंद्र पचौरी यांना पाठिंबा दिला आणि ते ७६ विरुद्ध ४९ मतांनी निवडून आले. टिपणामुळेच अमेरिकेचा पाठिंबा फिरला की विकसनशील देशांना आपला अध्यक्ष हवा होता, याबाबत मते भिन्न आहेत. दुसऱ्या कारणाचा वाटा सहसा कमी लेखला जातो. पचौरी यांच्या निवडीवर तेव्हा टीका करणारे गोर आणि पचौरींचे मंडळ यांना २००७ चे शांतता नोबेल विभागून मिळाले.

न्यायालये व नियुक्त्या : २ एप्रिल २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मॅसॅच्युसेट्स विरुद्ध ईपीए या खटल्यात ५–४ मतांनी हरितगृह वायू हे स्वच्छ हवा कायद्याखालील प्रदूषक ठरवले. त्यानंतर प्रशासकाच्या पदाचे वजन एकदम वाढले. ओबामा यांच्या प्रशासक लिसा जॅक्सन यांनी डिसेंबर २००९ मध्ये हे वायू आरोग्यास व लोककल्याणास धोकादायक असल्याचा औपचारिक निष्कर्ष काढला. पुढील सर्व नियम त्यावर उभे राहिले. त्यांच्यानंतरच्या जीना मॅकार्थी यांना विरोधी सिनेटरांच्या हजाराहून अधिक लेखी प्रश्नांना तोंड द्यावे लागले आणि नामनिर्देशनानंतर चारेक महिन्यांनी, जुलै २०१३ मध्ये, ५९–४० मतांनी संमती मिळाली. ३० जून २०२२ च्या वेस्ट व्हर्जिनिया विरुद्ध ईपीए या निकालाने (६–३) संस्थेचे अधिकार आकसले. बहुमतातील न्यायमूर्ती नील गॉर्सच हे अ‍ॅन गॉर्सच यांचे पुत्र, हा योगायोग अनेकांनी नोंदवला आहे.

२०१७ नंतर : ओक्लाहोमाचे महान्यायवादी असताना ईपीएविरुद्ध वारंवार दावे लावणारे स्कॉट प्रुइट १७ फेब्रुवारी २०१७ रोजी ५२–४६ मतांनी तिचेच प्रशासक झाले. कार्बन डायऑक्साइड हे तापमानवाढीचे प्रमुख कारण आहे असे आपण मानत नाही, असे त्यांनी पुढच्याच महिन्यात सांगितले. हे विधान प्रस्थापित विज्ञानाशी विसंगत होते. आयपीसीसीने २०२१ मध्ये मानवी प्रभाव निःसंदिग्ध ठरवला. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रुइट यांनी संस्थेचे संशोधन अनुदान घेणाऱ्यांना तिच्या सल्लागार समित्यांवर बसण्यास मनाई केली. उद्योगांशी संबंधित तज्ज्ञांना तशी आडकाठी नव्हती. खर्च व वर्तनाविषयीच्या चौकशांच्या गदारोळात जुलै २०१८ मध्ये त्यांनी पद सोडले आणि पूर्वी कोळसा कंपनीसाठी लॉबिंग करणारे अँड्र्यू व्हीलर त्यांच्या जागी आले. समित्यांविषयीचा आदेश २०२० मध्ये न्यायालयात टिकला नाही.

बायडेन यांनी जॉन केरी यांना विशेष हवामानदूत आणि मॅकार्थी यांना व्हाइट हाउसच्या हवामान सल्लागार नेमले. दोन्ही पदे तेव्हा सिनेटपुढे गेली नाहीत. यावर रिपब्लिकन सदस्यांनी आक्षेप घेतला. ईपीएसाठी आधी चर्चेत असलेल्या कॅलिफोर्नियाच्या मेरी निकल्स यांचे नाव पर्यावरणीय न्यायाच्या चळवळींनी विरोध केल्यावर मागे पडले आणि मायकेल रीगन यांची निवड झाली. नेमणुकीला अडथळा विरोधी पक्षाकडूनच येतो, या समजाला हा अपवाद.

ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकीर्दीत ली झेल्डिन ईपीएचे प्रशासक आणि वायू-तेल विहिरींची कामे करणाऱ्या कंपनीचे प्रमुख ख्रिस राइट ऊर्जामंत्री झाले. राइट यांनी निवडलेल्या पाच लेखकांचा, तापमानवाढीच्या परिणामांविषयी सौम्य भूमिका घेणारा अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. त्याच सुमारास २००९ चा धोक्याचा निष्कर्ष रद्द करण्याचा प्रस्ताव झेल्डिन यांनी मांडला. अहवालावर शास्त्रज्ञांच्या मोठ्या गटाने तपशीलवार टीका केली, सल्लागार समित्यांविषयीच्या १९७२ च्या कायद्याचा भंग झाल्याचा दावा दाखल झाला आणि सप्टेंबरात त्या पाच लेखकांचा गट विसर्जित करण्यात आला.

परिणामांचे मूल्यमापन : राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड लुइस यांच्या अभ्यासानुसार राजकीय नियुक्तांच्या हाताखालील शासकीय कार्यक्रमांना, सेवेतून वर आलेल्या अधिकाऱ्यांच्या कार्यक्रमांपेक्षा, कामगिरीत कमी गुण मिळाले. हे निष्कर्ष सर्व खात्यांचे असून हवामान धोरणाला ते जसेच्या तसे लावता येतीलच असे नाही. राज्यांच्या पातळीवरही हे प्रश्न दिसतात. कॅलिफोर्नियात १९६७ पासून असलेल्या हवा संसाधन मंडळाचे बहुतेक सदस्य गव्हर्नर नेमतो. नॉर्थ कॅरोलायनात २०१२ मध्ये समुद्रपातळीच्या अंदाजांच्या शासकीय वापरावर तात्पुरता निर्बंध घालणारा कायदा झाला. त्यामागे राज्याच्या किनारी आयोगाच्या विज्ञानमंडळाने वर्तवलेली, २१०० पर्यंत सुमारे एक मीटर वाढीची शक्यता होती.