सॉना, स्टीम आणि स्वेदन: ही गरम खोली आली कुठून?

कुठल्याही बऱ्यापैकी स्पाचं रेटकार्ड बघा, सॉना, स्टीम आणि 'आयुर्वेदिक स्वेदन' एकाखाली एक छापलेलं असतं, जणू सख्खी भावंडंच. प्रत्यक्षात तिघांची गावं वेगळी, आणि आपल्या स्वेदनाचा, म्हणजे घाम काढण्याच्या उपचाराचा, तर 'रिलॅक्स' होण्याशी फारसा संबंधच नव्हता.

चरकसंहितेत सूत्रस्थानाचा 14वा अध्याय अख्खा घाम काढण्यावर आहे. विस्तवाच्या उष्णतेनं घाम काढायचे 13 प्रकार दिलेत, त्यातला जेंताक स्वेद वाचून मी चाटच पडलो, कारण ती जवळपास सॉनाचीच खोली आहे: गोल घर, पुष्कळ झरोके, भिंतीला लागून हातभर उंच कट्टा, मधोमध पुरुषभर उंचीची, बारीक भोकांची मातीची भट्टी आणि आत खैराची लाकडं. धूर निघून गेला की पेशंटला तेल लावून आत पाठवायचं आणि आधीच बजावायचं की बाबा, घेरी आली तरी कट्टा सोडू नकोस, सोडलास तर दार सापडणार नाही आणि जीव जाईल. बाहेर आल्यावर लगेच गार पाणी घ्यायचं नाही, डोळ्यांना त्रास होतो, मुहूर्तभर (साधारण पाऊण तास) थांबून मग कोमट पाण्यानं अंघोळ. फिनलंडवाले याच्या अगदी उलट, गरम खोलीतून थेट थंडगार तळ्यात उडी!

आता यावरून 'सॉना मूळचा आपलाच' असा फॉरवर्ड कृपया बनवू नका. बंद खोली तापवायची कल्पना जगात बऱ्याच जणांना सुचली, रोमन लोक जमिनीखालून गरम हवा खेळवायचे, पुढे हमाम, म्हणजे गरम पाण्याची-वाफेची स्नानगृहं आली, आणि हिंदुस्थानात हमाम नाहीत अशी तक्रार बाबरानं आत्मचरित्रात लिहूनच ठेवलीय.

चरकाचं स्वेदन म्हणजे उपचार, बऱ्याचदा वमन-विरेचनाच्या (औषधानं उलट्या-जुलाब करवण्याच्या) आधीची तयारी, वैद्यानं सांगितली तरच करायची. शिवाय कोणाला देऊ नये ती यादी वाचा: गरोदर बाई, मधुमेही, दारू प्यायलेला इथपर्यंत ठीक, पण पुढे थकलेला, रागावलेला, दुःखात असलेलाही आहे. म्हणजे स्पाचं निम्मं गिऱ्हाईक तिथेच बाद.

यातलं काही आपल्याकडे अजून चालू आहे. नाडीस्वेदाची, म्हणजे नळीतून वाफ देण्याची, नळी दोन-तीनदा वाकवायला सांगितलीय, म्हणजे वाफेचा जोर मोडतो नि कातडी भाजत नाही, आज पंचकर्मवाले हेच काम प्रेशर कुकरला रबरी नळी जोडून करतात. आणि कर्षूस्वेद, म्हणजे बिछान्याखाली खड्ड्यात बिनधुराचे निखारे, हे ऐकून बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी आठवली नाही तर नवलच.

मग थकवा घालवायला गरम खोलीत बसायचं हे आलं कुठून? सॉनापुरतं बोलायचं तर फिनलंडहून. तिकडे शनिवारी काम आटोपलं की सगळं घर सॉनात, बायकांची बाळंतपणंही तिथेच व्हायची कारण घरातली स्वच्छ, ऊबदार जागा तीच. जुना धुराचा सॉना, चिमणी नाही, तापायला तासन्‌तास. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये फिनिश खेळाडूंसाठी क्रीडाग्रामात सॉना बांधला होता, तो बाहेरच्यांनीही पाहिला. पण खरा फरक पाडला विजेच्या शेगडीनं, ना लाकडं ना धूर, त्यामुळे सॉना फ्लॅटमध्ये, हॉटेलात, जिममध्ये कुठेही बसवता यायला लागला. आज त्या 55 लाखांच्या देशात साधारण 30 लाख सॉना आहेत, 2020 मध्ये युनेस्कोनं ही परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

'वेलनेस'चा शिक्का बसला त्यात 2015 च्या फिनिश अभ्यासाचा बराच हात आहे. 2,315 मध्यमवयीन पुरुष, साधारण 20 वर्षं पाठपुरावा, आणि आठवड्यात 4 ते 7 वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकारानं अचानक मृत्यू बरेच कमी दिसले. पण हा निरीक्षणाचा अभ्यास, म्हणजे सॉनामुळेच तसं झालं असं त्यावरून म्हणता येत नाही, आणि ती सगळी लहानपणापासून सॉनात बसलेली माणसं, तेव्हा वर्षातून एकदा कूपन वापरून जाणाऱ्यानं तो आकडा स्वतःला लावून घेऊ नये.