वेशभूषा-इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यास, नागपूर

वस्त्रे, अलंकार, केशरचना, पादत्राणे आणि ती अंगावर वागवण्याच्या रीती यांचा पुराव्यांच्या आधारे व कालक्रमाने केलेला एम.ए., एम.एस्सी., एम.एफ.ए. किंवा पीएच.डी. पातळीवरचा अभ्यास. फॅशनचा इतिहास या नावानेही तो ओळखला जातो. नागपुरात हा विषय मुख्यतः इतर विषयांच्या आश्रयाने वाढला. कापड गृहविज्ञानाकडे गेले, शिल्पे प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाकडे आणि कागदपत्रे इतिहासाकडे. ही वाटणी सोयीची असली तरी विषयाला मारक आहे. कापडाचा पोत ओळखणाऱ्याला शिल्पाचा काळ माहीत नसतो आणि शिल्पाचा काळ ठरवणाऱ्याने माग पाहिलेला नसतो.

विषयाची घडण : पाश्चात्त्य विद्यापीठांत वेशभूषा-इतिहास प्रथम चित्रकलेच्या इतिहासाच्या हाताखाली होता. चित्रावर तारीख नसेल तर बाही, गळपट्टी, टोपी पाहून काळ अजमावणे हे त्याचे काम. लंडनच्या कोर्टोल्ड इन्स्टिट्यूटमध्ये स्टेला मेरी न्यूटन यांनी १९६५ मध्ये सुरू केलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा अशा प्रकारचा पहिला मानावा लागतो. न्यूटन मूळच्या रंगभूमीच्या वेशभूषाकार होत्या. न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अभ्यासक्रम (१९८५) संग्रहालयातील जतन व हाताळणीकडे अधिक झुकला. १९९० नंतर समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांचा जोर वाढला आणि प्रत्यक्ष कपड्यापेक्षा कपड्याच्या अर्थाची चर्चा पुढे आली. वस्तू आधी की सिद्धांत आधी, हा वाद अजून मिटलेला नाही. नागपूरसारख्या विणकरांच्या शहरात तरी वस्तूपासून सुरुवात करणे अधिक फलदायी ठरते.

भारतात मोतीचंद्र यांनी प्राचीन वेशभूषेवर १९५० च्या सुमारास हिंदीत केलेले काम शिल्प, चित्र व वाङ्मय यांच्या पडताळणीवर उभे आहे. गो. स. घुर्ये यांनी १९५१ मध्ये भारतीय वेशभूषेची समाजशास्त्रीय मांडणी केली. अहमदाबादचे कॅलिको वस्त्रसंग्रहालय १९४९ चे, तर दिल्लीची राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था १९८६ ची. डिझाइनच्या संस्थांत इतिहास हा सहसा पूरक विषय राहिला.

प्राचीन साधने आणि कालनिश्चिती : नागपूर विद्यापीठाने (स्थापना १९२३) पवनी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, मांढळ इत्यादी ठिकाणी केलेल्या उत्खननांमुळे स्थानिक अभ्यासकाला घराजवळ साधने मिळतात. माहुरझरीच्या महापाषाणकालीन स्थळी अकीक व कार्नेलियन यांचे मणी आणि सोन्याचे अलंकार मिळाले. पवनीच्या स्तूपाचे शिल्पांकित स्तंभ बहुधा इ. स. पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतील आहेत. मांढळ, मनसर आणि रामटेक येथील शिल्पे वाकाटक काळातली आहेत. दगडात निऱ्या, काठ, कटिबंध दिसतात, रंग दिसत नाही. त्यामुळे अभ्यासक साहजिकच अजिंठ्याच्या चित्रांकडे वळतो आणि तेथेच अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण कालाची. क्र. १६ च्या लेण्यातील लेख वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याचा आहे. हरिषेणाचा काळ वा. वि. मिराशी (ज्यांचे अध्यापन नागपुरातच झाले) यांनी सुमारे इ. स. ४७५ ते ५०० मानला, तर वॉल्टर स्पिंक यांनी तो सुमारे ४६० ते ४७७ असा मागे नेला आणि लेण्यांचे बहुतेक काम याच थोड्या वर्षांत बसवले. वेशभूषेच्या दृष्टीने या पंधरा-वीस वर्षांनी फारसे बिघडत नाही. निऱ्यांची पद्धत इतक्या लवकर बदलत नसते. कळीचा प्रश्न क्र. १ च्या लेण्याचा आहे. तेथील दरबाराच्या एका दृश्यात टोकदार टोप्या, दाढ्या आणि अंगाबरोबर शिवलेले लांब अंगरखे घातलेले परदेशी पुरुष आहेत. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारातील इराणी वकिलातीचा प्रसंग असल्याचे मांडले. इराणचा राजा दुसरा खुसरो आणि पुलकेशी यांच्यातील पत्रव्यवहाराचा उल्लेख तबरी या मध्ययुगीन इतिहासकाराच्या ग्रंथात आहे, त्याचा त्यांना आधार मिळाला. मग पोशाखावरून माणसे, माणसांवरून घटना आणि घटनेवरून लेण्याचा काळ सातवे शतक, अशी साखळी तयार झाली. ती दीर्घकाळ पाठ्यपुस्तकांत टिकली. आज हे मत बहुतेकांनी सोडले आहे. दृश्य बौद्ध कथेतील दरबाराचे असावे आणि लेणे हरिषेणाच्याच काळातले असावे, हे मत अधिक ग्राह्य दिसते. इराणी पोशाखाचे लोक पश्चिम किनाऱ्यावर व्यापारानिमित्त पाचव्या शतकातही येत होते. त्यांना रंगवायला वकिलात येण्याची वाट पाहावी लागत नव्हती. पोशाख हा काळाचा पुरावा कधी होतो आणि कधी होत नाही, हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण मराठी प्रदेशात मिळणे कठीण. पदव्युत्तर वर्गात यावर पूर्ण सत्र खर्च करणे योग्य होय.

दुसरी अडचण प्रदेशाची. हरिषेण वत्सगुल्म (वाशीम) शाखेचा, तर नागपूर परिसर नंदिवर्धन (आजचे नगरधन) शाखेचा. अजिंठ्याचे कपडे तसेच्या तसे रामटेकच्या लोकांना चढवणे ही प्रबंधांत वारंवार दिसणारी घाई आहे.

याला लागूनच कासोट्याच्या लुगड्याचा प्रश्न येतो. सकच्छ (कासोटा घातलेली) नेसण सातवाहनकालीन किंवा त्याहूनही जुन्या शिल्पांत दिसते, म्हणून नऊवारी दोन हजार वर्षांची, असे विधान लोकप्रिय आहे. शिल्पांत दिसते ते कमरेखालचे वस्त्र. एकाच लांब वस्त्राने कासोटा, निऱ्या आणि खांद्यावरचा पदर हे तिन्ही साधण्याची रीत त्यानंतर बऱ्याच काळाने स्थिरावली असावी. कासोटा प्राचीन आहे, नऊवारी लुगडे तुलनेने अर्वाचीन आहे, असे वेगवेगळे मांडणे सुरक्षित.

काठाचा अभ्यास : विदर्भाची खास ओळख असलेल्या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अंग टसरचे (रानटी रेशमाचे), काठ सुती आणि काठाच्या आतल्या कडेला करवतीसारखे दाते, हे तिचे रूप. टसरचे कोसे ऐन व अर्जुन या झाडांवर वाढतात. भंडारा-गडचिरोली भागात ते वाढवण्याचे काम ढिवर समाजाकडे राहिले. विणकाम मोहाडी, आंधळगाव, नागभीड, नागपूर या भागांत चालते.

दात्यांच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एक मत त्यांना देवळाच्या शिखराची प्रतिकृती मानते. दुसरे मत विणकामाच्या गरजेकडे बोट दाखवते. खड्डामागावर आडवा धागा (बाणा) नेणारे तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा जिथे भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवावे लागतात. हा सांधा प्रत्येक वेळी त्याच ताण्यावर (उभ्या धाग्यावर) आला तर तेथे जाड कणा उभा राहतो आणि कापड त्या रेषेत कमजोर होते. सांधा थोडा थोडा पुढे सरकवत नेला आणि परत आणला की ताण वाटला जातो आणि दाते आपोआप उमटतात. ओडिशातील कुंभ काठ आणि कांचीपुरमची कोरवई यांतही असेच दाते दिसतात. दूरदूरच्या मागांवर एकच रूप येण्याचे कारण तंत्रात शोधणे अधिक पटते. शिखराचा अर्थ त्या रूपाला नंतर चिकटला असेल आणि तोही इतिहासाचा भाग आहेच.

खरा करवतकाठ ओळखण्यासाठी कापड उलटून पाहावे. अडकवलेल्या बाण्याचे दाते दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. डॉबी किंवा जकार्ड या नक्षी काढणाऱ्या यंत्रणांवर जादा ताण्याने काढलेल्या नकलेत मागे सुटे, लोंबते धागे असतात.

वस्तूचा काळ ठरवताना पुढील सीमा उपयोगी पडतात. मॉव्ह हा पहिला कृत्रिम रंग १८५६ चा. कृत्रिम अलिझरिन (मंजिष्ठेतला लाल रंग) बाजारात आले ते १८७० च्या आसपास आणि कृत्रिम नीळ १८९७ मध्ये. मर्सराइज्ड (क्षाराची प्रक्रिया केलेल्या) सुताची चमकदार जात व्यापारी प्रमाणावर १८९० च्या दशकात आली. म्हणून मर्सराइज्ड काठाचे लुगडे पणजीच्या पणजीचे असल्याची घरगुती आठवण प्रामाणिक असली तरी स्वीकारता येत नाही. कापड त्याआधीचे नाही एवढेच या सीमा सांगतात, ते त्यानंतर कधीचेही असू शकते.

लुगड्याची तपासणी टेबलावर पूर्ण पसरून करतात. पिक ग्लासखाली (धागे मोजण्याच्या भिंगाखाली) एका इंचातील ताणे आणि बाणे मोजतात. गळून पडलेला सुटा धागाच तेवढा जाळून पाहतात. सुताला जळक्या कागदाचा वास येतो, रेशमाला जळक्या केसांचा. पण सर्वांत बोलके असतात झिजेचे डाग. कासोटा खोवला जातो तिथे कापड विरते. निऱ्यांच्या कडा जमिनीला घासून फाटतात. मधोमध विरलेले लुगडे फाडून, चांगल्या कडा जोडून, दंड (जोडशिवण) घालून पुन्हा नेसले जाई. दंडाची शिवण सापडली की त्या घरातील काटकसर, बाईची उंची आणि नेसण्याची पद्धत या तिन्हींचा अंदाज बांधता येतो. अशी लुगडी संग्रहालयात क्वचित पोहोचतात, कारण दंडानंतर त्यांची गोधडी होई किंवा ती बोहारणीकडे जात. कष्टकरी बायकांच्या वेशभूषेचा पुरावा असा वापरातच संपला. संग्रहालयांसाठी गोधड्यांचे थर तपासून ठेवणे हे विदर्भात तातडीचे काम आहे.

अर्वाचीन साधने : भोसले दरबाराच्या पोशाखाबाबत साधने विरळ आहेत. तिसरे रघुजी १८५३ मध्ये वारले, राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि राजवाड्यातील बरीच चीजवस्तू लिलावात गेली. ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांचा नागपूर राज्यावरील अहवाल (१८२७) त्याआधीचा, म्हणून महत्त्वाचा. १८६५ चे नागपूर प्रदर्शन आणि त्याच सुमाराचे मध्यवर्ती संग्रहालय (अजब बंगला) यांतून ब्रिटिशांनी स्थानिक कापडाकडे नमुना म्हणून पाहायला सुरुवात केली. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातीजमातींवरील चार खंड (१९१६) पोशाखाच्या तपशिलाने भरलेले आहेत. मात्र त्यांत एका जातीचा एकच पोशाख अशी चौकट आहे. लग्नातला, शेतातला आणि शहरातला पोशाख त्या चौकटीत एकच होऊन जातो.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. गिरणीमुळे हातमाग बुडाले, हे सरसकट विधान नागपुराला लागू पडत नाही. रुंद व रंगीत काठाच्या लुगड्यात कोष्टी, हलबा आणि मोमीन विणकर गिरणीशी बराच काळ टक्कर देऊ शकले. गिरणीचे सूतही मागावर आले. पुढे १९२० चे नागपूर काँग्रेस अधिवेशन, १९२३ चा झेंडा सत्याग्रह आणि वर्ध्याचे मगन संग्रहालय (१९३८) यांनी खादीचे पर्व घडवले. त्यावर लेखन विपुल आहे.

त्या मानाने आंबेडकरी चळवळीतील वेशभूषेकडे इतिहासकारांनी फार कमी लक्ष दिले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जातिदर्शक पद्धत आणि जड दागिने सोडण्यास सांगितले. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेला लोक पांढऱ्या वस्त्रांत आले. एवढ्या मोठ्या समूहाने ठरवून एकाच दिवशी पोशाखातून नवी ओळख धारण करण्याचा हा प्रसंग जगाच्या वेशभूषा-इतिहासात नोंदवला जायला हवा. त्या दिवशीची लुगडी नेसलेल्या बायकांच्या आठवणी घरोघर सांगितल्या गेल्या आहेत आणि छायाचित्रांबरोबर त्या ध्वनिमुद्रित करणे हा पदव्युत्तर प्रबंधाचा उत्तम विषय आहे.

संस्था व अभ्यासक्रम : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातील प्राचीन इतिहास, इतिहास व गृहविज्ञान हे विषय, लेडी अमृतबाई डागा महिला महाविद्यालय आणि शासकीय चित्रकला महाविद्यालय ही प्रवेशाची मुख्य दारे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना संशोधन पद्धती व संशोधन प्रकल्प आवश्यक झाल्याने विषय निवडण्यास वाव वाढला आहे. राज्याचे वस्त्रोद्योग संचालनालय, हातमाग महामंडळ व विणकर सेवा केंद्र शहरातच आहेत. पुराभिलेखागाराच्या नागपूर शाखेत मध्य प्रांत व वऱ्हाडचे दप्तर पाहता येते. यूजीसी-नेट परीक्षेत फॅशनचा इतिहास हा स्वतंत्र विषय नाही. उमेदवार गृहविज्ञान, इतिहास, भारतीय संस्कृती किंवा दृश्यकला यांतून बसतात.