गोळीतलं लोह रक्तात किती उतरतं?

प्रौढ माणसाच्या शरीरात सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनमध्ये. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि फुप्फुसांतला ऑक्सिजन नेमका त्यांनाच चिकटून शरीरभर पोहोचतो. लोह कमी पडलं की जिना चढताना धाप लागते, सतत गळून गेल्यासारखं वाटतं. काहींना बर्फ चघळायची अनावर इच्छा होते. हेही कमतरतेचं लक्षण आहे, डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं.

लोहाची एवढी गरज असूनही शरीर अन्नातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह घेतं. बाकीचं काम जुन्यावरच चालतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती जीर्ण झाली की मुख्यतः प्लीहेतल्या पेशी तिला गिळतात आणि तिच्यातलं लोह काढून नव्या पेशींसाठी पाठवतात. असं रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह पुन्हा वापरात येतं.

मग अन्नातून थोडं जास्त का घेत नाही? कारण जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. मीठ जास्त झालं तर मूत्रपिंडं ते लघवीतून काढून टाकतात, लोहाला तशी वाट नाही. ते साठत गेलं तर यकृत, हृदय, स्वादुपिंड यांना इजा होते. म्हणून जो काही आवर घालायचा, तो आत घेतानाच.

हा आवर घालतं यकृत, हेप्सिडिन नावाच्या संप्रेरकाच्या मदतीने. अवघ्या २५ अमिनो आम्लांचा हा रेणू २००० सालाच्या आसपास सापडला, आणि तोवर कोड्यात टाकणाऱ्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला. लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. तिथल्या पेशीत ते शिरतं, पण पेशीत शिरणं म्हणजे रक्तात येणं नव्हे. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन असतं, त्यातूनच लोह पुढे जाऊ शकतं. साठा पुरेसा असला की यकृत हेप्सिडिन जास्त सोडतं, ते फेरोपोर्टिनला चिकटतं आणि पेशी ते प्रथिनच मोडून टाकते. लोह आतच अडकतं. आतड्याची ही पेशी काही दिवसच जगते. ती गळून पडली की अडकलेलं लोहही तिच्याबरोबर शौचावाटे निघून जातं.

गोळीच्या बाबतीत हेच आडवं येतं. फेरस सल्फेटच्या ३२५ मिलिग्रॅमच्या नेहमीच्या गोळीत प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅम असतं. (पाकिटावर बघायचा आकडा तो हाच.) एवढं लोह एकदम पोटात गेलं की हेप्सिडिन वाढतं आणि साधारण २४ तास चढंच राहतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१५ मध्ये लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये हे मोजून दाखवलं. ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून मोठ्या डोसनंतर दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं गेलं. २०१७ मध्ये त्यांनी दोन गटांना सारख्याच गोळ्या दिल्या, एकाला रोज, दुसऱ्याला एक दिवसाआड. रोज घेणाऱ्यांमध्ये सुमारे १६ टक्के लोह शोषलं गेलं, दिवसाआड घेणाऱ्यांमध्ये जवळपास २२ टक्के. अर्थात दिवसाआड घेताना गोळ्या संपायला दुप्पट दिवस लागतात. रक्त फारच कमी असेल, घाई असेल, तर डॉक्टर रोजची गोळी देतात ते योग्यच आहे. पण ज्यांना मळमळ आणि बद्धकोष्ठतेने गोळी नकोशी होते, त्यांनी ती परस्पर बंद करण्याऐवजी दिवसाआडचा पर्याय डॉक्टरांना जरूर विचारावा. हा त्रास बहुतांशी न शोषल्या गेलेल्या लोहाचाच असतो.

चहा-कॉफीतली पॉलिफेनॉल्स लोहाला बांधून ठेवतात, कॅल्शियमही शोषण कमी करतं. गोळीच्या आगेमागे तास-दोन तास ती टाळावीत. क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं. थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी यांच्यात चार तासांचं अंतर हवं.

शरीरात कुठे दाह किंवा जंतुसंसर्ग असेल तरीही हेप्सिडिन वाढतं. कित्येक जंतूंना वाढायला लोह लागतं, म्हणून शरीर ते लपवून ठेवतं. अशा वेळी गोळ्यांचा उपयोग फारसा होत नाही. शिवाय साठा दाखवणारी फेरिटिनची चाचणीही फसवते, कारण दाहामुळे फेरिटिन आपोआपच वाढतं. मूळ आजार शोधल्याशिवाय नुसता डोस वाढवणं मला चुकीचं वाटतं.

कमतरता साधी असेल तर काही आठवड्यांत हिमोग्लोबिन वर येतं, थकवा कमी होतो, आणि नेमकी तेव्हाच अनेकजण गोळी सोडतात. नवं लोह आधी तांबड्या पेशींकडे जातं, यकृतातला साठा भरायची पाळी त्यानंतर येते. त्यासाठी हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही सहसा आणखी तीनेक महिने गोळी चालू ठेवावी लागते, आणि शेवटी तपासायचं ते फेरिटिन.